जाळेवाला कोळी : कोणता निवडावा, कुठे ठेवावा?



आपल्या महापे गावात ‘कोळी’ म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक खाडीत जाळं टाकणारा आणि दुसरा घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारा. दोघांचाही धंदा जाळ्याचाच. फरक इतकाच की पहिल्याला सूत बाजारातून आणावं लागतं, दुसरा ते स्वतःच्या पोटातून काढतो.

हल्ली काही लोक हौसेने मोठे केसाळ कोळी काचेच्या पेटीत पाळतात. त्यांना टॅरँटुला म्हणतात. मोबाईलवर त्यांची चित्रे पाहून आपल्यातले काहीजण विचारतात, “आपण पाळला तर? आणि पाळायचा तर कोणता?” प्रश्न चांगला आहे. उत्तर नीट समजून घेऊ.

प्रथम जाळ्याविषयी. कोळ्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला बारीक नळ्यांसारखे अवयव असतात. आत पातळ रस असतो. तो बाहेर ओढला जाताना त्याचा धागा होतो. अंगणातला कोळी चाकासारखं गोल जाळं लावतो, पण टॅरँटुला तसं करत नाही. तो बिळाच्या तोंडाशी, मुळांच्या बेचक्यात पांढऱ्या धाग्यांची सतरंजी अंथरतो. त्याला डोळे आठ, पण नजर अधू. सतरंजीवर किड्याचा पाय पडला की धागा हलतो आणि आत बसलेल्या धन्याला वर्दी मिळते. म्हणजे जाळं हे त्याचं घर आणि दारावरची घंटाही.

भरपूर जाळं विणणारे म्हणून चार टॅरँटुला हौशी लोकांत प्रसिद्ध आहेत.

१) व्हेनेझुएला देशातल्या कोरड्या पाराग्वाना द्वीपकल्पावरचा. पाय निळे, पाठ हिरवट निळी, पोट नारिंगी. झुडपांच्या बुंध्याशी दाट जाळं करतो. स्वभावाने भित्रा. मात्र घाबरला की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतो. ते कातडीला लागले की खाज सुटते, डोळ्यांत गेले तर त्रास जास्त.

२) अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरचा निळसर पायांचा. याची पिल्ले बरेच दिवस आईजवळ एकत्र राहतात. कोळ्यांत ही गोष्ट विरळाच.

३) आफ्रिकेतला नारिंगी. जाळं सुरेख, पण स्वभाव तापट. चावला तर दुखणं फार.

४) आपल्या सह्याद्रीतला. शास्त्रीय नाव चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस. पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचं वर्णन केलं. पोटावर पट्टे, पुढच्या अंगाला जांभळट झाक. बिळाच्या तोंडाशी इतकं जाळं करतो की माती दिसत नाही. हाही चपळ आणि लवकर चिडणारा.

आता निवड कशी करावी? रंग पाहून नव्हे. जाणते लोक आधी पुढचे प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न आयुष्याचा. टॅरँटुलाची मादी दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. आज पाचवीत असलेल्या मुलाने आणली, तर तो कॉलेजातून बाहेर पडेल तरी ती पेटीतच असेल. तोवर सांभाळणार कोण? आई?

दुसरा प्रश्न चाव्याचा. अमेरिका खंडातले टॅरँटुला केस उडवतात. आशिया-आफ्रिकेतल्यांकडे ते केस नाहीत, म्हणून ते दातांवर भिस्त ठेवतात आणि त्यांचं विषही जास्त तीव्र असतं. वर सांगितलेल्या चारांपैकी पहिला सोडला तर बाकीचे तीन या दुसऱ्या जातीचे. तेव्हा नवख्या माणसाने यांच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रश्न पेटीचा. जमिनीवर राहणाऱ्या कोळ्याला उंच पेटी घातक. तो काचेवर चढून पडला तर नाजूक पोट फुटतं. जाळं बांधायला काटक्या, साल, खोल माती हवी. टेकू नसेल तर जाळं लावणार कशाला? वाढताना कोळी कात टाकतो, तेव्हा तो उताणा पडतो. मेला असं समजून हलवायचं नसतं आणि त्या वेळी पेटीत जिवंत किडाही ठेवायचा नसतो.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : तो आला कुठून? पेटीत जन्मला, की कोणी बीळ खणून काढला? आंध्र प्रदेशातल्या एका निळ्या टॅरँटुलाची गोष्ट ऐका. गुत्ती येथे सापडलेल्या एकाच नमुन्यावरून १८९९ साली त्याचं वर्णन झालं. पुढे शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. आज परदेशात हौशी लोकांच्या पेट्यांत तो पुष्कळ आहे, पण रानात त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. त्याचं जंगल लहान आणि त्यातली जुनी, ढोली असलेली झाडं तुटतात. झाड गेलं की घर गेलं.

म्हणून कायदाही कडक झाला. या निळ्या कोळ्याच्या साऱ्या भाऊबंदांवर २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०२१ च्या जुलैत चेन्नईच्या कस्टमवाल्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत लहान कुप्यांत कापसात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी! परवाना नाही, कागद नाही. पार्सल आलं तिकडेच परत पाठवायचं ठरलं. तेव्हा “विकत मिळतो” म्हणजे “घ्यावा” असं नव्हे.

राहता राहिला आपला सह्याद्रीतला कोळी. तो फुकट आहे, मग आणावा का? नाही. बीळ उकरलं की वर्षानुवर्षे विणलेलं घर पाच मिनिटांत जातं. मादीला वयात यायला काही वर्षे लागतात. एक मादी गेली म्हणजे पुढची शेकडो पिल्ले गेली. आपल्या मागे पारसिकचा डोंगर आणि पुढे एमआयडीसीचे कारखाने. मोकळी माती आधीच कमी उरली आहे. त्यातली बिळे आपणच उकरायची का? कुठे बिळाच्या तोंडाशी पांढरं जाळं दिसलं तर लांबून पाहावं. बोट किंवा काडी आत घालू नये.

मग आपण पाळायचं तरी काय? माझं उत्तर असं, की कोळी जिथे आहे तिथेच पाळावा. निवड करायला भरपूर वाव आहे.

गवतातला कोळी : पावसाळ्याच्या शेवटी सकाळी दव पडलं की गवतावर पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे दिसतात. रुमालाच्या एका टोकाला नरसाळं असतं. मालक त्यातच बसलेला असतो. टॅरँटुलाची सतरंजी लहान आकारात पाहायची तर हीच पाहा.

कुंपणावरचा तंबूवाला : याचं जाळं आडवं, मधोमध घुमटासारखं उंचावलेलं आणि वरती गुंतागुंतीच्या दोऱ्या. जाळं चिकट नसतं. वरच्या दोऱ्यांना अडखळून किडा खाली पडतो.

काटेरी झाडावरचे एकत्र कुटुंबवाले : शेकडो कोळी एकाच घरट्यात राहतात आणि मिळून शिकार करतात. शेवटी आई स्वतःचं शरीरच पिल्लांना खायला देते.

घरातला लांबपाय्या : हात लावायला गेलं की जाळ्यासकट गरगर हलतो. डास-माश्यांचा शत्रू.

यांपैकी एक निवडा. वहीत तारीख घाला. जाळं कधी विणलं, कधी मोडलं, दिवसात काय अडकलं, ते महिनाभर लिहा. याला ना पेटी लागते, ना परवाना, ना पैसा. हात मात्र लावायचा नाही.

पालकांना एक विनंती. कोळी मुतला म्हणून अंगावर चट्टे उठले असं आपण म्हणतो. असे चट्टे पुष्कळदा अंगावर चिरडलेल्या एका लहान किड्याच्या रसाने उठतात. कोळ्याला उगाच दोष लागतो. तेव्हा दिवाळीची जळमटं जरूर काढा, पण मुलाने वहीत नोंदवलेलं एक जाळं, एवढा महिना, केरसुणीतून वाचवा.