रोजनिशी ते प्रवासग्रंथ

समुद्रप्रवास करणारे पुष्कळ असतात. त्याचा वृत्तान्त लिहिणारे थोडे. आणि तो पदरचे पैसे घालून छापणारे तर विरळाच. प्रवास संपला म्हणजे पुस्तक आपोआप तयार होते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः या दोहोंमध्ये बराच मोठा पल्ला आहे. तो कसा ओलांडला जातो, हे एका नाविकाच्या उदाहरणाने पाहू.

त्या नाविकाचे नाव जोशुआ स्लोकम. आज कॅनडात मोडणाऱ्या नोव्हा स्कोशिया या प्रदेशात १८४४ साली त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या जोड्यांच्या दुकानात कामाला लागला. पुढे तो समुद्रावर गेला व अमेरिकन शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या लहानशा नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून जग त्याला ओळखते. परंतु आपल्याला पाहावयाची आहे ती त्याआधीची एक सफर आणि तिच्यावरचे एक छोटे पुस्तक.

१८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या पारानाग्वा उपसागरात स्लोकमचे ‘अ‍ॅक्विडनेक’ हे जहाज वाळूच्या दांड्यावर रुतून निकामी झाले. जहाज त्याच्या मालकीचे होते. ते गेले आणि बरोबर सर्वस्व गेले. सोबत पत्नी हेटी, सोळा वर्षांचा मुलगा व्हिक्टर आणि सात वर्षांचा गारफील्ड. घरी परतण्यासाठी कोणापुढे हात पसरण्याऐवजी त्याने फुटक्या जहाजाचे सामान आणि रानातले लाकूड घेऊन सुमारे पस्तीस फूट लांबीची एक होडी बांधली. तांब्याची नाणी कापून त्यांच्या चकत्या खिळ्यांना बसविल्या. शिडे हेटीने शिवली. होडी पाण्यात लोटली तो दिवस होता १३ मे १८८८. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून तिचे नाव ठेवले ‘लिबर्दाद’. गोव्यातील वडीलधाऱ्या मंडळींना या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही: स्वातंत्र्य! या होडीतून सुमारे साडेपाच हजार मैलांचे अंतर तोडून हे कुटुंब त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना किनाऱ्याला लागले.

आता पुस्तकाकडे वळू. प्रत्येक नौकेवर रोजनिशी ठेवतात. तारीख, वारा, दिशा, तोडलेले मैल, नौका कोठे आहे त्याचे अक्षांश-रेखांश, एवढ्याच गोष्टींना तिच्यात स्थान. ती प्रामाणिक असते, म्हणून लेखकाला अमोल असते. पण ती जशीच्या तशी छापली तर दहाव्या पानावर वाचक जांभई देईल. रोजनिशीला सर्व दिवस सारखे असतात. पुस्तकाला ते सारखे नसतात.

म्हणून पहिला प्रश्न, आरंभ कोठे करावयाचा? लिबर्दादने पारानाग्वा सोडले २४ जून १८८८ रोजी. रोजनिशी तेथून सुरू व्हावयाची. स्लोकमचे पुस्तक मात्र दोन वर्षे मागे जाऊन, फेब्रुवारी १८८६ मध्ये अ‍ॅक्विडनेक न्यूयॉर्कहून निघाले तेथून सुरू होते. पटकीच्या साथीमुळे बंद झालेली बंदरे, जहाजावरील बंड, देवीचा रोग आणि शेवटी फुटलेले जहाज, हे सारे वाचल्यावाचून चार माणसे होडीत का बसली, हे वाचकाला कळलेच नसते. प्रवासाचे कारण कळले, तरच प्रवासात मन गुंतते.

दुसरा प्रश्न निवडीचा. सांतोसहून रिओपर्यंत या होडीला एका आगबोटीने दोराने ओढून नेले. रोजनिशीत ही एका ओळीची गोष्ट. स्लोकम ती पुस्तकात कशी सांगतो? हेटी व धाकटा मुलगा आगबोटीवर सुखरूप. होडीत सुकाणू धरून बाप. आणि वेळ आलीच तर दोर तोडता यावा म्हणून हातात कुऱ्हाड घेऊन उभा असलेला व्हिक्टर. एवढे सांगितले की लाटांचे वेगळे वर्णन करावे लागत नाही. भीती वाचकाला आपोआप समजते. अलंकारांची रास रचण्यापेक्षा कोण कोठे उभा होता हे नेमके सांगणे अधिक परिणामकारक असते, हे निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात धरावे.

तिसरा प्रश्न पैशाचा. स्लोकमने १८९० साली हे पुस्तक बोस्टन येथे स्वखर्चाने छापविले. त्या काळी याचा अर्थ असा की, खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, कागद, छपाई, बांधणी या सर्वांचे पैसे आधी मोजावयाचे आणि विक्री मागाहून. प्रती अधिक काढल्या तर दर प्रतीला खर्च कमी येतो, पण न खपलेले गठ्ठे घरात पडून राहतात. कमी काढल्या तर प्रत महाग पडते. हा पेच टाळण्यासाठीच आपल्या जुन्या मराठी ग्रंथकारांनी आगाऊ वर्गणीदार मिळविण्याची चाल पाडली होती. आता संगणकावर अक्षरजुळणी होते आणि मागणीपुरत्या थोड्या प्रतीही काढता येतात. तरी लिहिणे, गाळणे, तपासणे आणि विकणे हे श्रम तेवढेच आहेत.

स्लोकम या पुस्तकाने श्रीमंत झाला नाही. पण १८९४ मध्ये बोस्टनच्याच एका प्रकाशनसंस्थेने ते पुन्हा प्रसिद्ध केले. पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तान्त तर आधी एका मोठ्या अमेरिकन मासिकातून क्रमशः आला आणि १९०० साली ग्रंथरूपाने निघाला. तो आजही वाचला जातो. त्या मोठ्या ग्रंथासाठी त्याचा हात तयार झाला तो या स्वखर्चाच्या छोट्या पुस्तकावर.

आपल्या किनाऱ्याशी या गोष्टीचा संबंध आहे. गोव्यातील पिढ्यान्‌पिढ्यांचे तारवटी परदेशी बोटींवर खानसामे, आचारी, खलाशी म्हणून जगभर फिरले. मुंबईतील आपापल्या गावाच्या कुडीत ते पुढच्या बोटीची वाट पाहत राहत. त्यांनी पाहिलेली बंदरे आणि सोसलेली वादळे यांपैकी कागदावर कितीशी उतरली? फार थोडी. सांगणारा गेला की त्याच्याबरोबर ती गोष्टही जाते. अलीकडे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यातच दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तिचा वृत्तान्त इंग्रजीत लिहून ठेवला, ही समाधानाची गोष्ट आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी एखादे आजोबा किंवा काका बोटीवर होते काय? असल्यास सुट्टीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. बोटीचे नाव, बंदर, वर्ष आणि कोण कोठे उभे होते, एवढे आधी विचारा. पुस्तक निघेल न निघेल. पण ती वही भरली तर त्याचा पाया तरी घातला जाईल.