आयदक्की लक्कम्मेचे माप

गेल्या मे महिन्यात आम्ही बसवकल्याणातील एका भाड्याच्या घरातून दोन गल्ल्या पलीकडच्या घरात राहावयास गेलो. दहा वर्षांपूर्वी कोंकणातून येथे नोकरीस आलो, तेव्हा एक ट्रंक, एक वळकटी आणि पुस्तकांची एक पिशवी एवढेच सामान होते. ह्या वेळी टेंपोला दोन खेपा कराव्या लागल्या. सामान लावताना छत्र्या मोजल्या, त्या पाच निघाल्या. घरात माणसे दोन! पाच छत्र्या कशासाठी, ह्याचे उत्तर सुचेना. मात्र ह्याच गावात आठशे वर्षांपूर्वी राहून गेलेल्या एका स्त्रीची आठवण झाली. विद्यार्थिमित्रांपैकी पुष्कळांनी तिचे नाव ऐकले असेल. तिचे म्हणणे नेमके काय होते, ते येथे थोडे उलगडून सांगावयाचे योजिले आहे.

आपले गाव तेव्हा नुसते ‘कल्याण’ होते. ‘बसवकल्याण’ हे नाव अगदी अलीकडचे, १९५६ च्या सुमाराचे. चालुक्यांची ही राजधानी बाराव्या शतकाच्या मध्यास कलचुरी बिज्जळाच्या हाती गेली. त्याच्या दरबारी बसवण्णा मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्या ‘महामने’त, म्हणजे थोरल्या घरात, शरणांच्या पंक्ती उठत. तेथे येणाऱ्यांत मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपे होते. ते मूळचे रायचूरकडील अमरेश्वराचे. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणावयाचे, हे मारय्याचे काम. कन्नडात ‘आय’ म्हणजे वेचणे आणि ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. म्हणून दोघांच्या नावामागे ‘आयदक्की’ लागले.

एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. बसवण्णांनी ते मुद्दाम सांडवून ठेविले होते, असेही कथेत सांगतात. लक्कम्मेने ओटीकडे पाहिले आणि विचारले, आज इतके कसे? रोजच्यापुरते ठेवून उरलेले होते तेथे टाकून यावयास तिने नवऱ्यास सांगितले. मारय्या मुकाट्याने परत गेला.

कथा एवढीच आहे, पण वर्गात ती सांगितली की एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारतो, “गुरुजी, ह्यात चुकले काय? तांदूळ सांडलेले होते. चोरी नाही, भीक नाही. चार दिवसांचे एकदम मिळाले, तर बिघडले कुठे?” प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः त्यावर बराच विचार केला आहे.

शरणांच्या विचारात ‘कायक’ आणि ‘दासोह’ असे दोन शब्द आहेत. कायक म्हणजे कायेने, स्वतःच्या अंगमेहनतीने केलेले प्रामाणिक काम. ते रोजचे रोज करावयाचे आणि त्यातून गरजेपुरतेच घ्यावयाचे. दासोह म्हणजे त्या मिळकतीतून दुसऱ्यास वाढणे. चार दिवसांचे तांदूळ एकदम आले की तीन दिवसांचे कायक बुडाले. शिवाय मागून वेचावयास येणाऱ्याचा वाटाही उचलला गेला. हा शेवटचा मुद्दा आमचा आहे, तो कथेत शोधू नये. परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, लक्कम्मेचे माप आधीच ठरलेले होते. समोर ढीग किती आहे हे पाहून तिने आपली गरज मोजली नाही.

येथे मुलखाचाही विचार करावा. आमच्या कोंकणात तांदूळ म्हणजे रोजचे जेवण. मराठीत ‘शीत’ म्हणजे भाताचा एक दाणा, तर आमच्या कोंकणीत शिजलेल्या साऱ्या भातालाच ‘शीत’ म्हणतात. बिदरकडे मात्र ज्वारीची भाकरी आणि तूर-मुगाचे वरण हे नित्याचे अन्न. अशा कोरडवाहू मुलखात अंगणभर सांडलेला तांदूळ हा मोह काही लहान नव्हे.

आमचे माप मात्र ढीग पाहूनच ठरत आले. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास आम्ही चोवीस हजार रुपयांचा टीव्ही घेतला. जुना चांगला चालत होता. दुकानात किमतीपेक्षा ‘महिना फक्त २,३००’ हा आकडा मोठ्या अक्षरांत होता. बारा हप्त्यांचे २७,६०० होतात, म्हणजे ३,६०० रुपये जास्त जातात, हा गुणाकार पाचवीतल्या मुलानेही केला असता. आम्ही कला शाखेचे पदवीधर. तो घरी येऊन केला! पुढे धाकट्या भावाची फी भरावयाची वेळ आली, तेव्हा हप्त्यामुळे नेहमीचे पैसे गावी गेले नाहीत. आईने कानांतील कुडी गहाण ठेविली आणि आम्हांस कळविलेही नाही. सुटीत घरी गेलो, तेव्हा तिचे कान ओके दिसले. तेव्हापासून महिन्याचे आकडे पहिल्या तारखेस वहीत लिहितो आणि मगच बाजारात जातो. कधी चुकतो, पण चूक वहीत दिसते.

कोणी म्हणेल, हा तर कंजूसपणा. लक्कम्मेच्या बाबतीत तरी ते खरे नाही. ह्याच वेचलेल्या तांदळावर तिने बसवण्णांसह एक लक्ष शहाण्णव हजार जंगमांना जेवू घातले, अशी परंपरेची कथा आहे. आकडा श्रद्धेचा म्हणून सोडून द्या. पण लोकांनी तिच्या नावाशी पंगत जोडली, बंद कोठार जोडले नाही. आपल्या मराठी मुलखात गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) उदाहरण तर आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि एक गाडगे एवढाच त्यांचा संसार. आणि नाशिक, पंढरपूर येथे वाटसरूंसाठी मोठमोठ्या धर्मशाळा त्यांनी उभ्या करविल्या. कर्ज काढून लग्ने-सण करू नका, मुलांना शिकवा, हे ते कीर्तनातून कळवळून सांगत.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, त्यास साधेपणाचा उपदेश करणे हा निर्दयपणा आहे. लक्कम्मेने शेजारणीच्या ओटीतील तांदूळ मोजले नाहीत. आपल्याच नवऱ्याने आणलेले परत पाठविले.

तर आमच्या छत्र्या. दोन घरी ठेविल्या. उरलेल्या तीन जूनमध्ये शाळेच्या कार्यालयाबाहेर खिळ्यांना टांगल्या. पावसात अडकलेल्या मुलाने न्यावी आणि दुसऱ्या दिवशी आणून लावावी, असे सांगितले. दोन नियमाने परत येतात. तिसरी ऑगस्टपासून कोणाकडे तरी आहे.