मालिकेतून चित्रपटाकडे : सुपरहिरोची वाटचाल

दूरचित्रवाणी मालिकेतून निघालेल्या चित्रपटास नायकाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. जपानमध्ये तोएई कंपनीची 'कामेन रायडर' ही मालिका एप्रिल १९७१ मध्ये सुरू झाली. मार्च १९७२ मध्ये तिच्यावरील 'कामेन रायडर विरुद्ध शॉकर' हा जेमतेम अर्ध्या तासाचा चित्रपट मुलांसाठीच्या खास कार्यक्रमात व्यंगपटांच्या जोडीने प्रदर्शित झाला. पोशाख, नट, खलसंघटना सारे तयारच होते. मुखवट्यामागील तरुण कोण, हे बालप्रेक्षक घरूनच जाणून आले होते.

मराठीला ही वाट अपरिचित नाही. मुंबई दूरदर्शनवरील चिमणराव व गुंड्याभाऊ १९७९ मध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्याच रूपाने चित्रपटात आले. मराठी सुपरहिरो मात्र या वाटेने आला नाही. 'बाजी' (२०१५) थेट चित्रपटगृहात अवतरला. पूर्वकथेचे सारे ओझे त्या एकाच चित्रपटावर पडले, आणि ते त्यास जड गेले असे म्हणावे लागते.

पूर्वओळखीचे भांडवल होते ते हिंदी 'शक्तिमान'कडे. १९९७ ते २००५ या काळात ही मालिका दूरदर्शनमुळे वडवणीसारख्या गावांतील केबल नसलेल्या घरांतही पाहता येत होती. तिच्यावरील चित्रपटत्रयीची घोषणा सोनी पिक्चर्सने केली ती २०२२ मध्ये. तोवर मालिकेच्या आरंभीच्या बालप्रेक्षकांनी तिशी ओलांडली होती. 'कामेन रायडर'च्या बाबतीत हे अंतर पुरते एक वर्षाचेही नव्हते.