जावक टपालाची चाळणी

कोणत्याही कचेरीत टपालाच्या दोन बारनिशा असतात : एक आवक आणि दुसरी जावक. आलेल्या टपालाची छाननी करावी लागते, हे सर्वांस मान्य असते. परंतु आपल्याच माणसांनी लिहिलेली, बाहेर जाणारी पत्रेही तपासावीत असे कोणी सुचविल्यास तो अविश्वास वाटतो. ईमेलच्या बाबतीत मात्र ही दुसरी तपासणी आज आवश्यक झाली आहे. ती का करावी लागते आणि निरपराध पत्रांस उपद्रव न होता ती कशी करता येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कोणी न मागता, एकाच वेळी असंख्य लोकांकडे धाडलेल्या ईमेलला ‘स्पॅम’ म्हणतात. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील गॅरी थर्क यांनी अर्पानेट या संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांकडे नव्या संगणकांची जाहिरात पाठविली. या प्रकाराचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या वहनाचे ‘एसएमटीपी’ हे नियम लिहिले. पत्र पाठविणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानावयाचे, अशी त्यांची मांडणी होती. जाळे लहान होते आणि त्यावरील माणसे एकमेकांस ओळखत होती, तोवर हे चालून गेले.

आज स्पॅम पाठविणारा पुष्कळदा स्वतःचा सर्व्हर वापरीतच नाही. एखाद्या संस्थेतील कर्मचाऱ्यास खोटे पत्र पाठवून तो त्याचा पासवर्ड काढून घेतो आणि रातोरात त्या खात्यातून हजारो पत्रे रवाना करतो. पत्र स्वीकारणाऱ्या दूरच्या सर्व्हरला खात्रीने ठाऊक असतो तो केवळ पाठविणाऱ्या सर्व्हरचा अंकरूप पत्ता. १९९७ साली पॉल व्हिक्सी यांनी अशा उपद्रवी पत्त्यांची यादी चालू केली. पुढे तशा अनेक याद्या निघाल्या, आणि पत्र घेण्यापूर्वी त्या पाहण्याची पद्धत रूढ झाली. संस्थेचा पत्ता एकदा अशा यादीत गेला, की तिची सर्वच पत्रे नाकारली जाऊ लागतात. विद्यापीठाचे प्रवेशपत्र असो वा रुग्णालयाचा तपासणी अहवाल असो, सुक्याबरोबर ओलेही जळते.

यास्तव पत्र दाराबाहेर पडण्यापूर्वीच चाळावे हे उत्तम. येणाऱ्या टपालासाठी वापरतात तीच चाळणी येथे लावावी, असे प्रथमदर्शनी वाटते. ही चाळणी संभाव्यतेच्या गणितावर चालते. टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा यासंबंधीचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. कोणते शब्द स्पॅममध्ये किती वेळा आणि चांगल्या पत्रांत किती वेळा येतात, हे मोजून नव्या पत्राविषयी अनुमान बांधता येते. २००१ साली निघालेली ‘स्पॅमअसॅसिन’ ही प्रणाली अशा अनेक खुणांना गुण देते आणि बेरीज ५ झाली की पत्र संशयित ठरविते. ही ५ ची मर्यादा व्यवस्थापकास बदलता येते.

परंतु येथे एक अंकगणिती अडचण आहे. समजा, चाळणी १०० पैकी ९९ स्पॅमपत्रे पकडते आणि १०० चांगल्या पत्रांपैकी केवळ १ चुकून अडविते. आवक टपालाच्या १,००,००० पत्रांत निम्मी स्पॅम असतील, तर ४९,५०० स्पॅमपत्रे पकडली जातील आणि ५०० चांगली पत्रे अडतील. म्हणजे अडलेल्या दर १०० पत्रांत चांगले सुमारे १ निघेल. आता जावक टपालाची तितकीच पत्रे घेऊ. आपली माणसे बहुधा प्रामाणिक असल्यामुळे त्यांत स्पॅम १,०००च आहे असे मानू. त्यांपैकी ९९० पकडली जातील. परंतु उरलेल्या ९९,००० चांगल्या पत्रांपैकीही ९९० अडतील. चाळणी तीच, तरीही अडलेल्या पत्रांपैकी निम्मी निर्दोष!

म्हणून जावक टपालात शब्दांइतकेच महत्त्व वर्तनाला द्यावे लागते. पाठविणारा आपल्याच घरचा असल्यामुळे त्याची ओळख पटविता येते. १९९८ पासून पत्र सोपविण्यासाठी ५८७ क्रमांकाचे निराळे द्वार नेमलेले आहे, आणि तेथे पासवर्ड मागता येतो. दिवसाला ४० पत्रे पाठविणाऱ्या खात्यातून तासाभरात ४,००० पत्रे निघू लागली, अथवा अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरून नकारांचा ओघ परत येऊ लागला, तर मजकूर न वाचताही चोरीचा संशय येतो. अशा वेळी ते एकच खाते थांबवावे. सगळा सर्व्हर थांबविण्याचे कारण नाही.

दुसरा नियम असा, की संशयित पत्र नष्ट करू नये. ते स्वीकारण्याआधीच नाकारावे, म्हणजे पाठविणाऱ्यास तत्काळ कळते. अथवा रांगेत रोखून त्यास विचारावे. अहवाल तासभर उशिरा पोचला तर बहुधा निभावते. परंतु तो कोणास न कळता नाहीसा झाला, तर पाठविणारा निर्धास्त राहतो आणि रुग्ण वाट पाहत राहतो.

मोठ्या टपालसेवांचे नियमही आता कडक झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे आपल्या ग्राहकांकडे धाडणाऱ्यांवर डिजिटल स्वाक्षरीचे बंधन घातले आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले. म्हणजे हजारी ३ हून कमी. एका चोरलेल्या खात्याने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. संस्थेतील प्रत्येकाने आपला पासवर्ड जपणे आणि व्यवस्थापकाने रोखलेल्या पत्रांची रांग रोज पाहणे, ही दोन्ही कामे म्हणूनच सारख्याच निकडीची आहेत.