चर्मपृष्ठ धनुष्य
चर्मपृष्ठ धनुष्य : ज्याच्या पाठीवर, म्हणजे नेम धरताना लक्ष्याकडे असणाऱ्या बाजूवर, कातड्याचा पातळ थर सरसाने कायमचा चिकटविलेला असतो, असे लाकडी धनुष्य. हा थर मुख्यतः कच्च्या म्हणजे न कमावलेल्या कातड्याचा असतो. कमावलेले चामडेही या कामी वापरतात. परंतु दोहोंचे गुणधर्म व कार्य भिन्न आहे. कातड्याच्या थरामुळे धनुष्याचा जोर फारसा वाढत नाही. लाकडाच्या पृष्ठभागावरील तंतू जागच्या जागी धरून ठेवणे आणि धनुष्य एकाएकी मोडण्याचा धोका कमी करणे, हा त्याचा खरा हेतू होय.

धनुष्याची अंगे व त्यांवरील भार : धनुष्याच्या मधल्या भागाला मूठ, मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांना भुजा आणि दोरी अडकविण्याच्या टोकांना कोटी असे म्हणता येईल. अमरकोशात मुठीला लस्तक व टोकाला अटनी अशी नावे दिली आहेत. धनुर्धराकडील बाजूस पोट व त्याच्या विरुद्ध बाजूस पाठ म्हणतात. दोरी ओढली असता भुजा वाकतात. त्यांची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. या दोहोंच्या मध्ये, जेथे ताणही नाही व दाबही नाही, असे एक उदासीन प्रतल असते. त्यापासून जो भाग जितका दूर, तितका त्याच्यावरील भार अधिक. म्हणून सर्वांत जास्त ताण पाठीच्या अगदी वरच्या थराला सोसावा लागतो.

या ताणाचे प्रमाण भुजेची जाडी आणि तिची वक्रता यांवरून काढता येते. १२ मिमी. जाडीची भुजा ६० सेंमी. त्रिज्येच्या वर्तुळखंडाप्रमाणे वाकविली, तर तिच्या पाठीवरील तंतू मूळ लांबीच्या सु. १ टक्का लांबतात. बहुतेक लाकडे साधारणतः याच मर्यादेच्या आसपास तुटतात. म्हणजे चांगले धनुष्य पूर्ण ओढले असता मोडण्याच्या सीमेपासून फार दूर नसते. हलके व वेगवान धनुष्य करावयाचे, तर लाकडाकडून त्याच्या क्षमतेचा मोठा भाग वापरून घ्यावाच लागतो. धनुष्याच्या पाठीची काळजी सर्व परंपरांतील कारागिरांनी इतकी का घेतली, ते यावरून कळते.

निर्दोष लाकूड तंतूंच्या दिशेने दाबापेक्षा ताण अधिक सहन करते. तरीही धनुष्य मोडते तेव्हा ते बहुधा पाठीवरच फुटते. याचे कारण या दोन भारांखाली होणाऱ्या बिघाडाच्या स्वरूपात आहे. दाबाखाली लाकडाचे तंतू हळूहळू चुरगळतात. धनुष्य उतरविल्यावरही थोडे वाकलेलेच राहते, त्याचा जोर मंदावतो, पण ते लगेच दुभंगत नाही. ताणाखालील बिघाड मात्र पूर्वसूचना न देता होतो. पाठीवर एखादी गाठ असेल, तासणीचा घाव खोल गेला असेल किंवा तंतू तिरके जाऊन पृष्ठभागावर कापले गेले असतील, तर तेथे एक बारीक सळ उचलली जाते. सळेखालील तंतूंवर भार एकवटतो व क्षणार्धात भुजा तुटते. लाकडाचे सरासरी बल मोठे असले, तरी धनुष्याचे आयुष्य त्यातील सर्वांत दुबळ्या जागेवर ठरते.

या संकटावरील उत्तम उपाय लाकडाच्या निवडीतच आहे. ओंडका तंतूंच्या दिशेने चिरून, पाठीवर एकच वार्षिक वलय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहील अशा रीतीने धनुष्य तासले, तर वेगळ्या पृष्ठावरणाची गरज सहसा पडत नाही. यू या वृक्षाच्या लाकडात निसर्गानेच ही सोय केलेली आहे. त्याचे बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण उत्तम सहन करते व आतील तांबूस मध्यकाष्ठ दाब सोसते. १५४५ मध्ये बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढण्यात आलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेत शंभराहून अधिक लांब धनुष्ये मिळाली; ती अशा यू काष्ठाच्या एकाच दांड्यापासून केलेली आहेत. परंतु असे सरळ, निर्गाठ लाकूड सर्वत्र मिळत नाही. करवतीने कापलेल्या फळीत तंतू ठिकठिकाणी कापले गेलेले असतात. अशा वेळी पाठीवर दुसऱ्या द्रव्याचा थर देणे आवश्यक ठरते आणि या द्रव्यांत कातडे हे सर्वांत सहज मिळणारे होय.

कच्चे कातडे व कमावलेले चामडे : केस व मांस काढून ताणून वाळविलेले कातडे म्हणजे कच्चे कातडे. ते मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. अंतस्त्वचेत हे तंतू एका दिशेने न जाता एकमेकांत गुंतलेल्या विणीसारखे पसरलेले असतात. ओले असताना कातडे मऊ व ताणले जाणारे असते. वाळताना ते आवळते, तंतू एकमेकांस घट्ट चिकटतात आणि ते शिंगाप्रमाणे कठीण व अर्धपारदर्शक होते. मृदंग वा तबला यांच्या पुड्यांतील ताण आणि त्यांच्या वाद्यांची बळकटी याच गुणावर अवलंबून असते. सर्व दिशांना पसरलेल्या या विणीमुळे कच्चे कातडे लाकडाची सळ उचलली जाऊ देत नाही. सुरू झालेली चीर तेथेच थांबते किंवा निदान धनुर्धराला ती दिसेपर्यंत भुजा एकसंध राहते.

कमावण्याच्या क्रियेत टॅनिनादी द्रव्ये कोलॅजेनाशी संयोग पावतात. त्यामुळे वाळल्यावरही तंतू एकमेकांस चिकटत नाहीत व चामडे लवचिक राहते. पादत्राणाला किंवा पखालीला हा गुण उपकारक असला, तरी धनुष्याच्या पाठीवर तोच उणा पडतो. भुजा १ टक्का ताणली जाते तेव्हा मऊ चामडे विनासायास तेवढेच लांबते व लाकडावरील भाराचा फारच थोडा वाटा उचलते. म्हणून कमावलेल्या चामड्याचा उपयोग ओरखडे, घर्षण व ओल यांपासून संरक्षण आणि शोभा एवढ्यापुरताच समजावा. तुर्की संयुक्त धनुष्यांच्या पाठीवर दिसणारे पातळ चामडे हे अशा प्रकारचे आवरण आहे. खरा ताण त्याखालील कंडरांचा थर सोसतो.

कंडरेशी तुलना : जनावरांच्या पायांतील व पाठीतील कंडरांचे धागे सोडवून ते सरसात भिजवून पाठीवर लावण्याची पद्धती आशिया व उत्तर अमेरिका या दोन्ही खंडांत प्राचीन काळापासून आहे. कंडराही कोलॅजेनाचीच असते. पण तिच्यातील तंतू समांतर असतात. तुटण्यापूर्वी ती सु. ८ ते १० टक्के लांबू शकते आणि वाळताना आवळून भुजांना उलट दिशेने ओढून घेते. त्यामुळे आखूड धनुष्यही लांबवर ओढता येते. घोडेस्वारांना अशी आखूड धनुष्ये विशेष सोयीची होती. कातड्याच्या पातळ थरापासून एवढा लाभ मिळत नाही. मात्र कंडरांच्या कामाला पुष्कळ वेळ व कौशल्य लागते, तर कातड्याची एक अखंड पट्टी थोड्या तासांत बसविता येते.

करण्याची रीत : गाय, वासरू, शेळी किंवा हरिण यांचे पातळ कातडे पसंत करतात. पोटाकडील कातडे सैल व असमान असते. म्हणून जनावराच्या कण्याला समांतर, पाठीच्या भागातून पट्ट्या काढतात. एक पट्टी पूर्ण लांबीला पुरत नसल्यास दोन पट्ट्या घेऊन त्यांचा सांधा मुठीवर ठेवतात, कारण तो भाग जवळजवळ वाकत नाही. कातड्यावर चरबी राहिली, तर सरस धरत नाही. म्हणून मांसाकडील बाजू खरवडून स्वच्छ करतात. नंतर पट्ट्या कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवितात. पाणी कढत असता कामा नये, सु. ६० से. वर कच्चे कातडे आकसून निरुपयोगी होते.

सरस हा कातडी, कंडरा इत्यादींपासून उकळून काढलेला कोलॅजेनाचाच पदार्थ असल्यामुळे कातडे व लाकूड यांचा सांधा त्याने उत्तम साधतो. तोही थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करतात, कारण फार तापविल्यास त्याची चिकटण्याची शक्ती कमी होते. धनुष्य आधी साधारण आकाराला आणून त्याची पाठ गुळगुळीत व तेलकटपणापासून मुक्त करतात. तिच्यावर सरसाचा पातळ हात देऊन तो वाळू देतात. मग दुसरा हात देऊन पट्टीची मांसाकडील बाजू लाकडावर बसवितात. मधून कडांकडे दाबत हवा व जादा सरस बाहेर काढतात आणि कापडी पट्टीने भुजा गुंडाळून ठेवतात. कडांबाहेर थोडे कातडे मुद्दाम सोडतात व वाळल्यावर ते कापून टाकतात. वरून कोरडे दिसले, तरी आतील ओल निघून जाण्यास आठवडा किंवा अधिक काळ लागतो. तोपर्यंत धनुष्य वाकवू नये. यानंतर दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत तासणे ते पोटाच्या बाजूनेच होते. शेवटी चरबी, मेण किंवा रोगण लावून कातडे ओलीपासून सुरक्षित करतात.

मर्यादा : कच्चे कातडे बहुतेक लाकडांहून जड असते. बाण सुटताना भुजांची टोके सर्वांत वेगाने हलतात. तेथील थोडेसे वजनही बाणाला मिळावयाची ऊर्जा खाते. म्हणून थर शक्य तितका पातळ ठेवतात व टोकांकडे तो आणखी बारीक करतात. दुसरी मर्यादा ओलीची. हलगी वाजविण्यापूर्वी ती विस्तवावर शेकावी लागते, कारण दमट हवेत तिचे कातडे सैल पडते. धनुष्यावरील कातडे व सरस यांचीही पावसाळी हवेत हीच गत होते. ओल मुरल्यास सांधा सुटतो.

तिसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. पाठीवरील थर पोटावरील दाब कमी करू शकत नाही, एका जागी अधिक वाकणारी भुजा सुधारू शकत नाही आणि कुजके वा न वाळलेले लाकूड टणक करू शकत नाही. अपारदर्शक चामड्याखाली तर वाढत जाणारी चीर दिसतही नाही. पूर्ण ओढलेले धनुष्य तुटले, तर त्याचे तुकडे धनुर्धराच्या डोक्याजवळूनच उडतात. सदोष धनुष्य केवळ कातड्याच्या भरवशावर ओढणे म्हणूनच घातक ठरते. जाणते कारागीर आधी लाकूड निर्दोष तासतात व नंतर कातडे लावतात.

इतिहास व प्रसार : उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींत पाठीवर कंडरा लावण्याची प्रथा विशेष होती, काही धनुष्यांवर सापाची कातडीही चिकटविलेली आढळते. सापाची कातडी फार पातळ असल्याने तिचा उपयोग मुख्यतः शोभेचा व आवरणाचा होय. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा ईशी हा १९११ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठीय संग्रहालयात राहिला. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुर्विद्या आत्मसात केली व त्याच्या रीतीची नोंद १९१८ मध्ये प्रसिद्ध केली. ईशी सामन माशाच्या कातडीचा सरस काढून त्याने कंडरा चिकटवीत असे. पोपने स्वतःच्या यू काष्ठाच्या धनुष्यांसाठी मात्र वासराच्या पातळ कच्च्या कातड्याचा पुरस्कार केला. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मृगयाविषयक ग्रंथामुळे ही पद्धती हौशी धनुर्धरांत बरीच परिचित झाली.

भारतात धनुष्याच्या द्रव्यांची विविधता प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड व शिंग या चार द्रव्यांच्या धनुष्यांचा आणि स्नायूच्या दोरीचाही उल्लेख आहे. शिंगाच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणत; विष्णूच्या धनुष्याचे हेच नाव असून शार्ङ्गधर, शार्ङ्गपाणी ही त्याची नावे त्यावरून आली. चामड्याचा ठळक उपयोग येथे दोरीच्या फटक्यापासून हात वाचविणाऱ्या गोधा नावाच्या पट्ट्यासाठी होता. शिंग, लाकूड व कंडरा यांच्या संयुक्त धनुष्यांना पावसाळ्यात जपावे लागे. ओलीने न बिघडणारी पोलादी धनुष्येही भारतात झाली. त्यांचे नमुने संग्रहालयांत आहेत. भिल्लांचा कामठा बांबूचा असतो व त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्या कामटीची असते. बांबूच्या बाहेरील सालीजवळ तंतू सर्वांत दाट असतात. असे सरळ व चिवट द्रव्य हाताशी असल्यावर कातड्याच्या पृष्ठावरणाची निकड भासत नाही.

सद्यःस्थिती : १९५० नंतर काचतंतूंचे थर असलेली धनुष्ये रूढ झाली व क्रीडाक्षेत्रातून कातड्याचे पृष्ठावरण मागे पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पारंपरिक धनुष्ये करण्याची आवड यूरोप-अमेरिकेत पुन्हा वाढली आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या फळीपासून धनुष्य करणाऱ्या नवशिक्यांमध्ये कच्च्या कातड्याला पुन्हा स्थान मिळाले. भारतात मात्र द्रव्य निवडताना कायद्याचे भान ठेवावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिलेल्या हरणांचे वा सापांचे कातडे वापरता येत नाही; शेळीचे कच्चे कातडे या कामी पुरेसे होते. आधुनिक कृत्रिम थर ओलीला दाद न देणारे आहेत. तरीपण ज्याला केवळ चाकू, रंधा व सरसाचे भांडे एवढ्यावर काम करावयाचे आहे, त्याला पाठीवरील तंतू राखण्याचा हा सर्वांत सुलभ उपाय आजही उपयोगी पडतो.