भीतीचे सोबती : भयपटांच्या चाहत्यांची संमेलने कशासाठी भरतात?

विसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्यात एका छायाचित्रकाराचा धंदा बसला, तो भीतीमुळे. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि ज्याचा फोटो निघतो तो फार दिवस जगत नाही, अशी वदंता शहरभर पसरली होती. हा छायाचित्रकार म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १८९० साली ते बडोद्याच्या कलाभवनात शिकण्यासाठी आले होते. पुढे गोध्र्यात प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेल्यावर ते याच शहरात परतले. त्यांनी दरबारात छायाचित्रणाची बाजू मांडली, पण गिऱ्हाईक काही वाढले नाही. मात्र त्याच काळात एका फिरत्या जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले आणि १९०१ च्या अखेरीस आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने रंगमंचावर उभे राहिले. कॅमेऱ्याला भिणारे लोक आणि पैसे देऊन चकित व्हायला येणारे लोक एकाच पिढीतले होते.

भयपटांच्या चाहत्याचे कोडे समजून घ्यायला हा प्रसंग उपयोगी पडतो. खरी भीती माणसाला पळवून लावते; रचलेली भीती त्याला तिकीट काढून आत बसवते. पडद्यावरील पिशाच खोटे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तरी छाती धडधडते, आणि हे दोन्ही एकाच वेळी अनुभवण्यात त्याचा आनंद असतो. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठात या ‘करमणुकीच्या भीती’चा अभ्यास करणारी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तेथील मथायस क्लासेन यांच्यासह काही संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, करोनाकाळात भयपटांच्या चाहत्यांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणे तुलनेने कमी आढळल्याची नोंद आहे. एका अभ्यासावरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरेच. पण भयपट पाहणारा माणूस विकृत असतो, या सर्रास समजाला त्याने धक्का दिला.

हा समज जुना आहे आणि संमेलनांचे मूळही त्यातच आहे. घरात, कचेरीत, मित्रमंडळींत ज्याची आवड थट्टेचा विषय होते, तो आपल्यासारखे आणखी कोणी आहे का हे शोधू लागतो. अमेरिकेत फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांनी १९५८ पासून संपादित केलेल्या ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या मासिकाने अशा एकांड्या मुलांना एकमेकांची ओळख करून दिली. १९७४ मध्ये त्या मासिकाच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये संमेलन भरले. १९८५ मध्ये ‘फँगोरिया’ या नियतकालिकाने लॉस एंजेलिसमध्ये ‘वीकेंड ऑफ हॉरर्स’ भरवले आणि पुढे अशा मेळाव्यांचा एक साचाच पडला.

हा साचा असा. हॉटेल किंवा प्रदर्शनगृह दोन-तीन दिवसांसाठी घेतले जाते. एका दालनात जुनी पोस्टर्स, मुखवटे, ध्वनिमुद्रिका व चित्रफितींची विक्री चालते. दुसरीकडे पाहुणे कलावंत टेबले मांडून बसतात. स्वाक्षरी आणि सोबतचा फोटो यांचे दर ठरलेले असतात आणि कित्येक विस्मृत नटांना म्हातारपणी त्यातून चार पैसे मिळतात. परिसंवाद, वेशभूषा स्पर्धा, रात्रभराचे खेळ हे ओघाने आलेच. मात्र सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या पाहुण्यांत नायक-नायिकांच्या बरोबरीने रंगभूषाकार असतो. टॉम सॅव्हिनी यांच्यासारख्या माणसाला चित्रपटसृष्टीच्या इतर सोहळ्यांत मागची खुर्ची मिळाली असती. येथे त्यांच्यासाठी रांग लागते. जखम कशी तयार केली आणि रक्ताचा रंग दिव्यांखाली काळपट दिसू नये म्हणून काय केले, हे ऐकायला लोक कान टवकारतात. प्रोफेसर केळफाच्या प्रेक्षकांना जे कुतूहल होते, तेच हे.

भारतात या साच्याची थोडीफार छटा कॉमिक कॉनमध्ये दिसते. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये तिची सुरुवात झाली आणि नंतर ती इतर शहरांत पोहोचली; परंतु तेथे महानायक आणि जपानी अ‍ॅनिमे यांचे राज्य, भुताखेतांच्या वाट्याला एखादा कोपरा. सपना भवनानी यांनी मुंबईत सुरू केलेला वेंच चित्रपट महोत्सव भयपट, विज्ञानपट आणि अद्भुतपट यांना वाहिलेला आहे. तेव्हा दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहणाऱ्या चाहत्याला आवडीची माणसे भेटायची असतील, तर रात्रीची गाडी पकडून सुमारे चारशे किलोमीटरवरील मुंबई गाठावी लागते.

वास्तविक संमेलन भरवण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरू शकणार नाही. एकट्या बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलने झाली. भयकथेला मात्र अशा मांडवात मानाची जागा क्वचितच मिळाली. शंभरावर पुस्तके लिहिणारे नारायण धारप वाचनालयांत सर्वाधिक हाताळले गेलेल्या लेखकांपैकी; समीक्षेने त्यांची दखल कितीशी घेतली? २०१८ मध्ये व्हेनिसच्या ‘क्रिटिक्स वीक’चा आरंभ ज्या ‘तुंबाड’ने झाला, त्याचे बीज राही अनिल बर्वे यांच्या मनात नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितलेल्या धारपांच्या एका कथेने रुजले होते. पहिल्या वेळी बेताचाच चाललेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि त्याने आधीपेक्षा अधिक कमाई केली. मधल्या सहा वर्षांत तो जिवंत ठेवला तो तोंडोतोंडी शिफारस करणाऱ्या चाहत्यांनी.

गोव्याच्या वाचकाला तर याचे उदाहरण सीमेपलीकडेच सापडेल. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरी येथील जो वाडा पडद्यावर नाईकांचा म्हणून दिसे, तो पाहायला लोकांची रीघ लागली. कोणी बोलावले नव्हते, तिकीट नव्हते, तरी अण्णा आणि शेवंता यांच्याविषयी अनोळखी माणसे अंगणात एकमेकांशी बोलत होती. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘डॉन ऑफ द डेड’चे चित्रीकरण झालेल्या अमेरिकेतील मनरोव्हिल मॉलमध्ये चाहते वर्षानुवर्षे असेच जात आले आहेत. फरक इतकाच, की तिकडे त्या ओढीतून संग्रहालय उभे राहिले.

येथे प्रश्न हौसेपुरता उरत नाही. प्रतिष्ठित चित्रपटांची कागदपत्रे कोणीतरी जपते. भयपटांची बहुधा चाहतेच जपतात. रामसे बंधूंचेच पाहा. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या पडलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर यांच्या मुखवटा घातलेल्या चोरीच्या दृश्याला तेवढी गर्दी होते, हे त्यांनी हेरले आणि ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) काढला. सारे कुटुंब महाबळेश्वरला मुक्कामाला गेले. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे भावाभावांत वाटलेली. ‘पुराना मंदिर’ (१९८४) त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या चित्रपटांत गणला गेला, तरी जाणकारांनी नाक मुरडले. २००६ पासून त्यांच्या निवडक चित्रपटांच्या नीटस डीव्हीडी प्रथम काढल्या त्या ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने. तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये गेले, श्याम सप्टेंबर २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये. धारप २००८ मध्ये आणि रत्नाकर मतकरी मे २०२० मध्ये. ज्या टेबलांपुढे रांगा लागायला हव्या होत्या, त्यांतील बरीच टेबले आता मांडताच येणार नाहीत.

मतकरींचे नाव आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण रंगमंचावर आली, की शेकडो मुले एकदम किंचाळतात आणि लगेच खदखदून हसतात. ती चेटकीण प्रथम साकारणारे दिलीप प्रभावळकर पुढे महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) तात्या विंचू झाले आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने एका पिढीची झोप उडवली. सामूहिक भीतीची गोडी मराठी घरात अशी लहानपणीच लागते.

बडोद्यात याला पूरक अशा कितीतरी गोष्टी आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुखवटे घडवू शकणारे ललितकलेचे विद्यार्थी आहेत, नाट्यविभाग आहे. सयाजीरावांनी उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. एका शनिवार-रविवारचे सभागृह, धारपांच्या जुन्या आवृत्त्यांचे एक कपाट, ‘तुंबाड’चा एक खेळ आणि ज्यांनी कधीतरी एखाद्या पिशाचाचा चेहरा रंगवला असे दोन वयोवृद्ध रंगभूषाकार, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. निमंत्रणे मात्र लवकर धाडायला हवीत.