सफरचंदाचा गाभा

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर घटकाभर थांबलं, की एक्स-रेचा मोठा लिफाफा घेतलेला एखादा तरी प्रवासी दिसतोच. तो पाहिला, की मला आमच्या बँकेतले हेड कॅशियर आठवतात. मूळचे बार्शीकडचे.

गोष्ट १९९३ची. शौचावाटे रक्त पडतं, हे त्यांनी आठ महिने घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. मूळव्याध असेल म्हणून जाहिरात वाचून आणलेलं मलम लावत राहिले. रोकडीत रुपयाचा फरक आला, तर रात्री नऊपर्यंत बसून तो शोधणारा हा माणूस! अखेर बेरियम एनिमा झाला. आदल्या दिवशी जुलाब देऊन पोट साफ करायचं, मग गुदद्वारातून बेरियमचं पांढरं पाणी आणि हवा सोडून, कुशीवर वळवत एक्स-रे काढायचे. ती फिल्म आम्ही दोघांनी स्वारगेटच्या फलाटावर उजेडाला धरून पाहिली. आम्हाला काय कळणार? एका जागी आतडं दोन्हीकडून कुरतडल्यासारखं दिसत होतं, एवढंच. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, ‘याला आम्ही सफरचंदाचा गाभा म्हणतो.’ कर्करोगाची गाठ आतड्याला चहूबाजूंनी वेढते, तेव्हा अशी सावली पडते. त्यानंतर ते जेमतेम वर्षभर होते.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्यातल्या आजारांच्या सावल्याही निरनिराळ्या. निरोगी आतड्यात माळेसारखे फुगवटे दिसतात. जुन्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ते जाऊन आतडं शिशाच्या नळीसारखं सपाट होतं. पीळ पडून फुगलेलं आतडं साध्या एक्स-रेतही भल्यामोठ्या कॉफीच्या बीसारखं दिसतं. तिथे एकेक तास मोलाचा. आपल्याकडचा आतड्याचा क्षय उजवीकडचा सुरुवातीचा भाग आक्रसून वर ओढतो. तो कधी कर्करोगासारखाच दिसतो, म्हणून तुकडा काढून तपासावा लागतो.

बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी आढळला. कमी आहे, म्हणूनच तो आपल्या मनात येत नाही.

आता बेरियमची जागा बहुतेक ठिकाणी सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपीने घेतली आहे. नुसत्या सोनोग्राफीवर मात्र विसंबू नये. आतड्यातला वायू तिच्या आड येतो. बहुतेक कर्करोगांची सुरुवात आतड्याच्या अस्तरावरच्या लहानशा कोंबापासून होते आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत तो कोंब दिसतो आणि तिथल्या तिथे काढताही येतो.

साठीनंतर मलाही रक्त दिसलं. सगळं ठाऊक असून चार दिवस मीही गप्पच होतो! पाचव्या दिवशी बायकोला सांगितलं. कोंब निघाला, तपासणीत साधा ठरला.

स्वारगेटला कुणाच्या हाती तो लिफाफा दिसला, की हल्ली मला बरंच वाटतं. या माणसाने निदान कुणाला तरी सांगितलं आहे.